पाटी नको, पन्हळ द्या

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी म्हटलं की या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हापूसची पेटी दिसते, हे ठाऊक आहे. आज मात्र बोलायचं आहे ते तिथल्या दोन घरांबद्दल. एक टिळक आळीतलं कौलारू घर. दुसरं त्याच गावात, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून टेकाडावर उभा असलेला थिबा राजवाडा. पहिल्या घरात लोकमान्यांचं बालपण गेलं. २३ जुलै १८५६ चा जन्म, आणि १८६६ मध्ये वडिलांची पुण्याला बदली झाली तोवरची दहा वर्षं. दुसऱ्या घरात ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांच्या कैदेत राहिला.

या दोन घरांचा एकमेकांशी संबंध कसा, हे गावात बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तारखांसकट सांगितलं की नीट लक्षात येतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतलं, थिबाला गादीवरून उतरवून बोटीत बसवलं, आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. पुढं २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं ते मंडालेला, थिबाच्या जुन्या किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. म्हणजे ही सहा वर्षं मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे बंदी. थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला १९१० मध्ये. त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या लाकडी कोठडीत बसून गीतेवरचा आपला ग्रंथ पेन्सिलीनं लिहीत होते. त्याच्या अर्धं शतक आधी बहादूरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं होतं. माणूस मुळासकट उपटायचा आणि जिथली भाषाही त्याला येत नाही अशा मातीत नेऊन लावायचा, म्हणजे त्याच्यामागं गाव उभं राहत नाही. ही त्या सरकारची जुनी रीत.

मंडालेचा मूळ राजवाडा १९४५ च्या युद्धात जळून खाक झाला. आज पर्यटकांना दाखवतात तो १९९० च्या दशकात काँक्रीट आणि पत्रे वापरून पुन्हा उभारलेला. मूळ राजवाड्यातली एक मोठी लाकडी इमारत मात्र वाचली, कारण थिबानं ती आधीच तटाबाहेर हलवून मठाला दिली होती. तोच श्वेनान्डॉ मठ. तेव्हा थिबा जिथं खरोखर राहिला, तिथलं लाकूड आणि दगड जागच्या जागी बघायचे असतील, तर बघणाऱ्याला रत्नागिरीलाच यावं लागतं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले, ते उगाच नाही.

आता मुद्द्यावर. परदेशातल्या मंडळांना अशा वास्तूंसाठी काही द्यावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा जे सुचतं ते असं: संगमरवरी पाटी, अर्धपुतळा, काचेचं कपाट, प्रोजेक्टर, आवाज आणि प्रकाशाचा कार्यक्रम. चांगली भावना असते. पण कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत जुन्या घराचं काय होतं, हे ज्यानं जवळून पाहिलं आहे तो सांगेल की पैसे छपराला द्या. छपरानंतर पन्हळीला, पन्हळीनंतर चुन्याला. पाटीचा विचार सगळ्यात शेवटी.

हिशेब करून बघा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं ही बातमीसुद्धा नसते. छपराचा १०० चौरस मीटरचा एक उतार धरला तर त्या एका दिवसात त्यावरून दहा हजार लिटर पाणी खाली येतं. म्हणजे पाण्याचा एक अख्खा टँकर. तो पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून गटारात गेला तर ठीक. पन्हळीच्या तोंडाशी आंब्याची चार पानं आणि एक फुटकं कौल अडकलं, की तोच टँकर भिंतीच्या माथ्यावर रिकामा होतो. चार इंची उभा पाइप ताशी १०० मिलिमीटरच्या पावसात साधारण ४३ चौरस मीटर छपराचं पाणी ओढतो, तेही जाळी साफ असेल तर. जुन्या घरांचे पाइप पुष्कळदा तीन इंचीच असतात, आणि वाकणावर गंजून निम्मे बुजलेले असतात.

मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. एक कौल सरकलं तर तेवढ्या भोकातून हंगामात दोनशे लिटर पाणी सरळ आत येतं. वरच्या कौलांवरून वाहत आलेलं त्यात धरलेलं नाही. आणि गंमत अशी की हे पाणी खोलीत ठिबकतंच असं नाही. ठिबकलं तर बरं, निदान कोणी बादली लावेल आणि बोंब मारेल. बहुतेक वेळा ते रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीत गेलेल्या टोकाशी जाऊन मुरतं. लाकडाचं ते टोक दगडात गाडलेलं, त्याला वारा नाही. सागवान असलं तरी तिथंच कुजतं. बाहेरून दहा वर्षं काही दिसत नाही आणि मग एका मृगात कोपरा खाली बसतो.

म्हणून शाकारणी. तुमच्यापैकी ज्यांचं मूळ घर अजून उभं आहे त्यांना हा शब्द नवा नाही. वैशाखात कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा बघायच्या, खालची जळमटं आणि उंदरांची घरटी काढायची आणि कौलं पुन्हा चढवायची. संग्रहालय झालेल्या घराला हे दरवर्षी पूर्ण जमत नाही, पण वर्षाला एक उतार, असं चक्र लावता येतं. दोन उतार जिथं मिळतात तिथली आतली पन्हळ मात्र दरवर्षी, आणि वर्षातून एकदा नव्हे. मे अखेर एकदा, श्रावणात पाऊस जरा उघडला की पुन्हा एकदा. माकडांचा उपद्रव असेल तिथं पन्नासेक कौलं त्याच साच्याची माळ्यावर राखून ठेवायची. साचा बदलला की कान बसत नाही आणि दोन कौलांमधल्या फटीतून झड आत येते. नव्या घराची उरलेली कौलं कोणी फुकट देऊ केली तर आधी एक चढवून बघावं, मग आभार मानावेत.

वाशांची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. बारीक दाभण घ्यायचं आणि भिंतीपाशी, दर वाशाच्या टोकाला टोचायचं. चांगल्या सागात ते दोन-तीन मिलिमीटरवर अडतं, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातं. कुजलं तेवढंच कापून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड सांध्यानं जोडायचं, आणि जोडलेल्या टोकाभोवती बोटभर जागा हवेला मोकळी ठेवायची. ठेकेदाराला पूर्ण वासा बदलणं सोपं पडतं आणि बिलही मोठं होतं. पण शंभर वर्षांपूर्वीचं सागाचं लाकूड आज बाजारात मिळत नाही. वाचेल तेवढं वाचवावं. लाकडाला ऑइलपेंट लावू नये, त्याच्या पापुद्र्याखाली ओल कोंडते. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं, दोन हात, मधे चार दिवस. एक सावधगिरी: जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेतो. लाकडी घरात हे विसरून चालत नाही. चिंध्या दोरीवर पसरून वाळवायच्या किंवा पाण्याच्या बादलीत टाकायच्या. गावाकडं बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं डिंबेल लावतात. वाळवीला ते चांगलं चालतं, पण कातडीवर फोड येतात आणि रंग काळा पडतो. थिबा राजवाड्याच्या अर्धगोल खिडक्यांवरच्या कोरीव कामाला ते लावायची कल्पना कोणी काढली तर त्याला हात जोडावेत.

आता भिंती. कोकणातलं जुनं घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, उघड्यावर राहिला की टणक होत जातो. पण तो शेवटपर्यंत सच्छिद्रच राहतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि हिवाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. सिमेंटचा करू देत नाही. सिमेंट लावलेल्या भिंतीत जमिनीतली ओल बाहेर पडायला जागा शोधत वर चढते. आधी दोन फुटांवर दिसणारा डाग पाच फुटांवर जातो, ओलीबरोबर आलेलं मीठ गिलाव्याच्या मागं जमतं, आणि तीन-चार वर्षांत गिलावा चिऱ्याची पाठ घेऊन सुटतो. मग लोक म्हणतात, जुना दगडच खराब होता! दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या तरी तेच. दरज टणक, चिरा मऊ, त्यामुळे दरवर्षी चिरा झिजतो आणि दरज बाहेर येते. समुद्राकाठच्या जुन्या भिंतींवर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, ती बहुधा अशीच झालेली असते. ओल थांबवणारा रंग म्हणून जे डबे विकतात, ते या भिंतीला कशाला लागतात हे अजून कळलेलं नाही.

चुन्याला वेळ लागतो, म्हणून तो टाळला जातो. कळीचा चुना विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, तीन महिने ठेवला तर आणखी बरा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू. ओल येणाऱ्या जागी वाळूतला एक भाग कमी करून विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. वाळू खाडीची नको. तशी घ्यावीच लागली तर गोड्या पाण्यात धुऊन, नाहीतर आपणच भिंतीत मीठ भरतो. एका थरात दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी देऊ नये, तडे जातात. आठ-दहा दिवस ओली गोणपाटं लावून ठेवायची. काम काढायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात लावलेला चुना धरायच्या आत वाळतो आणि हाताला पिठासारखा लागतो. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमापूर्वी भिंत पांढरी दिसायला हवी, असा आग्रह कोणी धरला की समजावं, पुढच्या वर्षी तीच भिंत पुन्हा करावी लागणार.

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नये. मुळासकट दोन चिरे हातात येतात. बुंधा कापून छेदावर औषध लावायचं, मूळ मेलं की पोकळी चुन्यानं भरायची. आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झापं बांधायची जुनी पद्धत संग्रहालयालाही शोभते. चार महिने छायाचित्रं चांगली येत नाहीत, एवढाच तोटा.

वस्तूंबद्दल थोडक्यात. जुलैत रत्नागिरीच्या हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. पासष्टच्या वर गेला की कागदावर, कापडावर बुरशी धरते. यावर बहुतेक जण एसी सुचवतात. दिवसा एसी, रात्री वीज वाचवायला बंद, हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. गार झालेल्या काचेवर रात्री पाणी सुटतं, लाकूड रोज आखडतं आणि फुगतं. त्यापेक्षा पंखे, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलेली कपाटं आणि कागदासाठी एकच बंद पेटी, तिच्यात सिलिका जेल. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. फोटोची चौकट करताना काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची पट्टी घालायची, नाहीतर एका पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहरा काचेवर राहतो.

काय दाखवायचं, हाही प्रश्न आहे. थिबाच्या घराला राजवाडा म्हणतात, त्यामुळे तिथं झुंबरं, सिंहासन, गालिचे हवेत असं बघणाऱ्याला वाटतं. पण तीस वर्षांच्या कैदेतली चोवीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच बंगल्यांत राहिला आणि या घरात फक्त सहा वर्षं. त्यातच १९१२ मध्ये धाकटी राणी गेली, डिसेंबर १९१६ मध्ये तो स्वतः गेला. १९१९ मध्ये थोरली राणी सुपयालत ब्रह्मदेशात परतली, पण थिबाला तिकडे नेऊ दिलं नाही. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. थोरल्या राजकन्येचा संसार तिथल्याच माणसाशी झाला, तिची मुलगी रत्नागिरीत मराठी बोलत वाढली आणि म्हातारी झाली. हे सगळं सांगायला सिंहासन लागत नाही. रिकामी खोली, तिच्या खिडकीतून दिसणारी खाडी, आणि या माणसाला गावाबाहेर जायला परवानगी लागायची हे सांगणारे दोन ओळींचे शब्द पुरतात. संगमरवरी फरशीच्या दालनाला पुसायला लिंबू वापरू नये, आम्लानं संगमरवराची झिलई जाते. एवढं पाळलं की त्या दालनात आणखी काही मांडायची गरज नाही.

आणि फरक स्पष्ट सांगावा. थिबा पहाऱ्यातला पेन्शनर. टिळकांची शिक्षा मूळची काळ्या पाण्याची, ती पुढं साध्या कैदेत बदललेली. रत्नागिरीच्या या गोष्टीतले तिसरे बंदी सावरकर, १९२४ ते १९३७ जिल्ह्यात स्थानबद्ध. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटींवर. एकाला वाडा, एकाला कोठडी, एकाला अख्खा जिल्हा. पतितपावन मंदिर १९३१ चं, त्याच जिल्हाबंदीतलं. ही तिन्ही ठिकाणं रिक्षानं एका दिवसात होतात. सोमवारी सरकारी संग्रहालयं बंद असतात, हे धरूनच तिकीट काढा. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. मुलांना न्यायचं तर डिसेंबरात न्या. पण घर कसं झगडतं ते स्वतः बघायचं असेल तर जुलैत जा, आणि आत गेल्यावर आधी वर बघा.

आता पैशांबद्दल, कारण इथंच चांगले बेत अडकतात. दोन्ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. आपण गवंडी घेऊन गेलो आणि पन्हळ दुरुस्त केली, असं करता येत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. खात्याशी लेखी बोलायचं. स्मारकांच्या संगोपनात संस्थांना सहभागी करून घेणारी राज्याची योजनाही आहे, तिच्यामार्फत रीतसर प्रस्ताव देता येतो. प्रस्तावात ‘सुशोभीकरण’ हा शब्द शक्यतो नको. उतार किती, पाइप किती, चुना किती, असं लिहावं.

गावातल्या एखाद्या ट्रस्टला पैसे द्यायचे असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरचा कायदा, समजून घ्या. तुमच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे आणि स्वतःच्या कमाईतून बँकेच्या नेहमीच्या मार्गानं पैसे देताय, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. इथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरलं जातं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. आणि आपलं मंडळ इथं नोंदलेलं, त्यामुळे मंडळाचा चेक म्हणजे विदेशी योगदानच. असे पैसे घ्यायला त्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेऊन दुसरीला द्यायची वाटही बंद झाली. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं चालू असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिनं पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेले असावे लागतात. गावातल्या बहुतेक छोट्या ट्रस्टना हे जमत नाही. त्यांना मदत करायची तर भारतीय पासपोर्टवाल्या सभासदांनी व्यक्तिशः करावी, मंडळाच्या नावानं नको. नाव हवंच असेल तर पुन्हा पाटीवर येऊ.

पैसे न देता करण्यासारखंही एक काम आहे. ज्यांच्या घरी रत्नागिरीचे जुने फोटो आहेत, त्यांनी ते ६०० डीपीआयला स्कॅन करावेत. मागं काही लिहिलं असेल तर मागची बाजूही. लॅमिनेशन करू नये. एखाद्या सहलीच्या फोटोत माणसांच्या मागं राजवाड्याचा कोपरा आला असेल, तर कौलं कुठली होती, खिडकीला रंगीत काच होती की साधी, पन्हळ कुठून उतरत होती, हे त्यावरून कळतं. दुरुस्ती करणाऱ्याला असा एक फोटो शंभर अंदाजांपेक्षा कामाचा.

आणि द्यायचं ठरलंच तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. कागदपत्रांत तीन-चार महिने सहज जातात. रोहिणी लागायच्या आत कौलं परत चढलेली हवीत, म्हणजे मजुरांना आगाऊ रक्कम फेब्रुवारीत द्यावी लागते. एप्रिलात शाकारणीचा माणूस मिळत नाही. तोवर तो गावातल्या सगळ्या छपरांवर चढलेला असतो.